गुळाचा खडा आणि चार लिटर वारा

कोल्हापूर, मार्केट यार्डाजवळ,
२० जानेवारी

प्रिय बाबालाल,

हे पत्र नाजियाकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा शोध, उशीखाली असेल नाहीतर टीव्हीवर, आणि स्वतः वाच. माझं अक्षर तुला लागतं, इतकी वर्षं माझ्या हातची हजेरी वाचली आहेस. फोन करून झाले, चार वेळा केले. तू 'व्हय व्हय, बघतो की' म्हणतोस आणि ठेवून देतोस. मी जोर लावून बोलायला जातो तर मला धाप लागते, मग तुला लागते, आणि दोघं म्हातारे दोन टोकांना नुसते फुसफुसत बसतो. पत्राचं तसं नाही. तू रागानं बाजूला टाकलंस तरी ते तिथंच पडून राहील आणि कधीतरी तुझा हात त्याला लागेलच.

गुरुवारी नाजियाचा फोन आला होता. पोरगी रडत होती. म्हणाली, ऑक्सिजनचं मशीन येऊन दोन महिने झाले, अब्बांनी त्यावर चादर टाकलीय आणि चादरीवर टीव्हीचा रिमोट ठेवतात. उंबऱ्यापर्यंत चालत नाहीत, मोरीत जाताना भिंत धरतात, ओठ निळे पडतात तरी नळी लावत नाहीत. व्यायामाच्या वर्गाचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करून झोपतात. का म्हणून विचारलं की एकच सांगतात, 'गोमटेश म्हणालाय, एकदा लावली की सवय लागती, मग सुटत न्हाय.' हे ऐकलं आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. कारण ते मीच म्हणालो होतो. या दिवाळीच्या आधी तू फोन करून विचारलंस, डॉक्टर ऑक्सिजन लावा म्हणतोय, काय करू? आणि मी, जसा काही एमबीबीएस होऊन बसलोय, तसं ठोकून दिलं, 'आजिबात लावू नको.' बायकोचं ऐकलं नाहीस, लेकीचं नाही, डॉक्टरचं नाही, आणि माझ्यासारख्या शहाण्याचं तेवढं ऐकलंस. तो शब्द मी आज मागे घेतो. पण नुसता मागे घेऊन भागणार नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

तुला ठाऊक आहे, मला दीड वर्षापूर्वी कळलं. जिना चढताना दम लागायचा, मी म्हटलं वय झालं. मग सपाटीवर लागायला लागला, मी म्हटलं वजन वाढलंय. मग आंघोळ करताना लागला, तेव्हा त्रिशलानं, बायकोच ती, मला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं फोटो दाखवला. दोन्ही फुप्फुसांत खालच्या बाजूला जाळं धरल्यासारखं. जखम भरल्यावर कातडीला कसा व्रण पडतो, तसे आत व्रण पडलेत म्हणाले, तेवढा भाग घट्ट झालाय, आता तो फुगत नाही. काम काय करत होता विचारलं. मी ताठ बसून सांगितलं, फाउंड्रीत सुपरवायझर होतो, ग्राइंडर काही मी धरत नव्हतो. ते म्हणाले, काका, शेडमधली हवा सगळ्यांना एकच असते. घरी येताना रिक्षात मला आधी तूच आठवलास, कारण मी निदान लांब उभा असायचो, तू तर दिवसभर त्या वाळूच्या धुरळ्यात वाकलेला असायचास.

मग हे मशीन घरी आलं. काय सांगू तुला त्याची कटकट! दिवसभर घुर्र घुर्र, शेजारी पिठाची गिरणी काढल्यासारखं. पन्नास फुटी नळी. मी स्वयंपाकघरात निघालो की ती खुर्चीच्या पायात अडकते आणि डोकं मागं हिसकतं, वेसण ओढलेल्या बैलासारखं. त्रिशलाचा पाय रोज एकदा तरी नळीवर पडतो आणि वर मलाच विचारते, का थांबलात? गॅसजवळ जायचं नाही, उदबत्ती नाही, निरांजन नाही. देवघरात मी लांबून हात जोडतो. नाक कोरडं पडून रक्त येतं, कानाच्या मागं घट्टे पडलेत. आणि लाईट गेली की सगळ्या घराची पळापळ. चिडून चिडून मी अर्धा झालो. पोरानं, अनेकांतनं, पुण्याहून खांद्याला अडकवायचं छोटं मशीन पाठवलं, तर त्याच्या बॅटरीचीच काळजी करण्यात दिवस जायचा.

घरातलं एकवेळ सोसलं असतं, पण आपलं गाव! एकदा हौसेनं नळी लावून यार्डाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. चहावाला लांबूनच ओरडला, 'काय पावणं, कोरोना अजून हाय व्हय?' माझ्या गल्लीत तीस वर्षं चहा विकतोय आणि मला पावणं म्हणतोय, नळीमुळं ओळखलंच नाही. एकानं शेळीचं दूध सांगितलं. एकानं सांगितलं, तांबडा रस्सा वरपा, छाती मोकळी होती बघा. मला, जैनाला! अंबूबाई भाजीवाली तर पदर डोळ्याला लावून त्रिशलाला विचारायला लागली, किती दिवस सांगितल्यात? मी त्या दिवशी घरी येऊन नळी भिंतीवर आपटली. तेव्हापासून माझा नियम ठरला. घरात खुर्चीत बसून टीव्ही बघताना नळी लावायची, आणि उठायचं झालं, चालायचं झालं, बाहेर जायचं झालं की काढून ठेवायची. लोकांना दिसू नये म्हणून आणि सवय लागू नये म्हणून. तुझा फोन आला तो याच दिवसांत. स्वतःची लाज मी तुला औषध म्हणून दिली बघ.

पुढं डॉक्टरांनी व्यायामाच्या वर्गाला धाडलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा वाजता. मी म्हटलं, ज्याला श्वास पुरत नाही त्याला व्यायाम करायला लावायचा, ही कुठली शहाणपणाची गोष्ट? तिथं क्रांती मॅडम म्हणून एक पोरगी आहे, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. अंगानं काडी आणि आवाज आपल्या भोंग्याएवढा. पहिल्या दिवशी म्हणाली, सहा मिनिटं चालायचं, या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत, पाहिजे तेव्हा थांबायचं, किती मीटर होतात ते मी बघते. बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली. आता परीक्षा म्हटल्यावर आपली खोड तुला माहीत आहे. साहेब येणार म्हटलं की आपण शेड झाडून चकाचक करणारी माणसं. तिची पाठ फिरली तशी मी नळी नाकातून काढून गळ्यात सोडली आणि निघालो, ताठ मानेनं, बघ म्हटलं कोल्हापूरचं पाणी. तिसऱ्या फेरीला डोळ्यांपुढं काजवे आले. चिमटीवर नव्वदच्या वर पाहिजे तिथं अठ्ठ्याहत्तर. क्रांती मॅडमनं मला खुर्चीत बसवलं, नळी नाकात कोंबली आणि श्वास जाग्यावर येईपर्यंत चिमटीवरचा आकडा बघत राहिली. नंतर मात्र अशी झाडली, अशी झाडली की मला आपले जुने मालक आठवले. म्हणाली, 'बसल्यावर लावताय आणि चालताना काढताय? डोकं हाय का न्हाय काका?'

त्या दिवशी राग आला, पण रागातच मला आपली भट्टी आठवली. तू फेटलिंगला, ओतलेला माल ग्राइंडरनं घासायला, यायच्या आधी सहा वर्षं भट्टीवर होतास, म्हणून हे तुलाच कळेल, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. भट्टी गार असताना ब्लोअर कोण लावायचा का? कोक पेटला, लोखंड पडलं, वितळायला लागलं की वारा वाढवायचा. ऐन ओतायच्या वेळी वारा पडला तर काय व्हायचं? आतल्या आत गोठून बसायचं, मग दोन दिवस घण घेऊन फोडत बसा. आणि मी काय करत होतो? बसून टीव्ही बघताना ब्लोअर चालू आणि काम सुरू झालं की बंद! एखाद्या नवख्या पोरानं असं केलं असतं तर मीच त्याला गेटबाहेर काढला असता. बसल्या जागी माझं शरीर थोडक्यात भागवतं, ओढ लागते ती उठल्यावर, पायांनी काम मागितल्यावर. म्हणून बसताना मिनिटाला दोन लिटर आणि व्यायामाला चार लिटर, असं माझं डॉक्टरांनी मोजून ठरवलंय. तुझं वेगळं असेल, ते तुला मोजूनच सांगतील. आणि सवयीचं म्हणशील तर जेवणाचीपण सवयच लागलीय की आपल्याला, कधी सोडलंय का?

आता वर्गात काय असतं ते ऐक, कारण तुला वाटत असेल तिथं दंड-बैठका काढायला लावतात. सिलिंडरची ढकलगाडी बरोबर घेऊन चालायचं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. पाण्याच्या बाटल्या उचलायच्या. आणि एक सायकल आहे, जागच्या जागी चालवायची. सायकलवर असताना कधी कधी ते मोठं मशीन लावतात, जाड नळीचं, नाकात गरम, ओलसर वारा जोरात सोडणारं. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी घाबरून ओरडलो, वाटलं कुणी तोंडावर शेगडी फुंकतंय. पण दोन मिनिटांत कळलं की छातीवरचं ओझं कुणीतरी अर्धं उचललंय. तीन मिनिटांत उतरणारा मी, त्या दिवशी नऊ मिनिटं चालवली. लगेच हुरळून जाऊ नकोस, सगळ्यांना ते मशीन लागत नाही आणि सगळ्यांना मानवत नाही. बाळाबाई म्हणून एक म्हातारी येते, तिनं सरळ सांगितलं, हे माझ्यानं व्हायचं न्हाय, आणि ती साध्या नळीवरच मजेत चालते.

आता तू विचारशील, बरा झालास का? नाही. होणार पण नाही. क्रांती मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की व्रण पडलेले आहेत ते पडलेलेच राहतील, आपण पायांना ताकद देतोय, म्हणजे आहे तेवढ्या श्वासात जास्त काम होईल. मला इतका संताप आला! एवढी यातायात, रिक्षाचं भाडं, लोकांच्या नजरा, आणि शेवटी हातात काय, तर आहे तेवढंच? दोन आठवडे गेलोच नाही. खोटं कशाला सांगू, चिडचिड अजून आहे. दहा आठवड्यांत मी त्या सहा मिनिटांच्या चालण्यात एकशे ऐंशी मीटरवरून दोनशे पंचेचाळीसवर आलोय. आपल्या शेडची लांबी पण त्याहून जास्त असेल. पण बाबालाल, मी माझी आंघोळ माझ्या हातानं करतो. स्टुलावर बसून, नळी लावून, पण त्रिशलाला हाक न मारता. परवा यार्डात जाऊन गुळाचे सौदे बघून आलो, नळी लावून, चहावाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवून. 'पावणं' म्हणाला तर सांगितलं, पावणं नव्हं, गोमटेश हाय मी, दे अर्धा कप. लाजला बिचारा, पैसे घेतले नाहीत.

गुळाचं नाव निघालंच आहे. सध्या हंगाम आहे, सकाळी खिडकी उघडली की यार्डातून नव्या गुळाचा वास येतो. लोकांना तो वास आला की बरं वाटतं. मी खिडकी लावून घेतो. त्रिशला विचारते, गुळानं काय वाकडं केलंय तुमचं? तिला मी अजून सांगितलेलं नाही.

तुला आठवतंय ना, पहिली पाळी सुटायची, भोंगा व्हायचा, आणि मी गुळाची पाटी घेऊन शेडच्या दारात उभा राहायचो. एकेकाच्या हातावर एकेक खडा. गुळानं घशातली धूळ पोटात जाते, पोटातली सकाळी बाहेर पडते, छाती साफ. मालक हेच सांगायचे, मालकांचे वडीलपण हेच सांगायचे, आणि मी असं काही छातीठोकपणे सांगायचो की माझाच शोध आहे. तुम्ही रांगेत यायचा, केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर सगळीकडं काळी-राखाडी धूळ, नुसते डोळे आणि दात दिसायचे. तू खडा तोंडात टाकून म्हणायचास, 'चला, इंजनात तेल पडलं.' आणि डब्यातली त्रिशलाची विनालसणाची आमटी तू किती आवडीनं खायचास! नावं ठेवायचास आणि डबा पुसून खायचास. गूळ छातीत जात नाही रे. घास एका नळीनं जातो आणि श्वास दुसऱ्या. इतकी साधी गोष्ट मला चौसष्टाव्या वर्षी डॉक्टरनं कागदावर काढून दाखवली.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो, याआधी तीन कागद फाडून झालेत. अठ्ठ्याण्णव सालचा रमजान आठव, थंडीतला. रोजे असताना पाळी सुटल्यावर तू गूळ खायचा नाहीस, रुमालात बांधून न्यायचास. शिरोलीतल्या घराच्या दारात नाजिया वाट बघत असायची, अर्धा खडा तिला आणि अर्धा तुझा रोजा सोडायला. चौथ्या की पाचव्या दिवशी तू माझ्याकडं आलास आणि हसत म्हणालास, 'गोमटेश, गूळ तर आता लगेच चालत न्हाय, महिनाभर तरी मास्क दे की.' मी म्हणालो, 'मास्क कुठं आल्यात अजून?' तू बरं म्हणालास, तोंडाला गमछा बांधलास आणि ग्राइंडर सुरू केलास. बाबालाल, मास्क आले होते. पन्नासचं खोकं माझ्या कपाटात होतं आणि किल्ली माझ्या करदोट्याला होती. मालकांनी सांगितलं होतं, तपासणीला साहेब येतील त्या दिवशी वाटायचे, एरवी नाही, मास्क लावला की पोरं सारखी थांबतात, कास्टिंगची संख्या पडते. मीही विचार केला, याला एक दिला तर उद्या सगळे मागतील. तुझ्या तोंडावर मी खोटं बोललो आणि त्या दिवशी तुला गुळाचे दोन खडे जास्त दिले. रिटायर होताना कपाट रिकामं केलं तेव्हा खोकं तसंच निघालं, इलॅस्टिक कुजलेलं, ते मी भंगारात टाकलं. डॉक्टर म्हणतात, तसल्या साध्या मास्कनं सगळं वाचलं असतं असं नाही. पण काही तरी वाचलं असतं, आणि ते द्यायचं का नाही हे माझ्या हातात होतं. त्यानंतर दुसऱ्यांदा तू मला विचारलंस ते या दिवाळीआधी, आणि दुसऱ्यांदाही मी तुझ्या नाकातोंडाशी आलेली गोष्ट लांब करायला सांगितली. माफी मागायला मला तोंड नाही आणि ती मी मागतही नाही. तू मला शिव्या घाल. पण फोनवर फुसफुसून नको, समोर येऊन घाल, भट्टीवरच्या, घसघशीत, आईबाप काढणाऱ्या. तेवढ्या शिव्या एका दमात घालायला दम लागतो, आणि तो नळीशिवाय येणार नाही. तेव्हा आत्ता उठ, रिमोट काढ, चादर काढ आणि मशीन लाव, मोरीपर्यंत जाताना तर लावच. तुझ्या पोराला, उमरला, सांग, शुक्रवारी तुला गाडीतून घेऊन यायला. क्रांती मॅडमला मी सांगून ठेवलंय, माझ्या शेजारची सायकल रिकामी आहे. आणि वाचून झालं असेल तर आता हे पत्र नाजियाला दे. तिनंही तो गूळ खाल्लाय, तिलाही कळू दे.

तुझाच, शुक्रवारी अकराला वाट बघणारा,
गोमटेश